गाडी टायर का खाते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, सांगली-साताऱ्यातल्या टायरच्या दुकानांत गर्दी होते आणि येणारा प्रत्येक मालक एकच विचारतो, "दादा, जास्त चालणारा टायर कुठला?" प्रश्न रास्त आहे. ट्रकच्या चालू खर्चात डिझेलच्या खालोखाल टायरचाच नंबर लागतो. दहा टायरी गाडीचा पूर्ण संच एकदम बदलायची वेळ आली तर एक-दोन गाड्यांच्या मालकाचं कंबरडंच मोडतं. पण एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा टायर एका गाडीवर भरपूर चालतो आणि शेजारच्या गाडीवर निम्म्यातच गुळगुळीत होतो, हेही या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. त्यामुळे कंपनीचं नाव मी नंतर सांगतो. आधी विचारतो, गाडी कुठल्या कामावर आहे, भरता किती, आणि हवा शेवटची मीटर लावून कधी बघितली?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ओझं हवा उचलते

भरलेल्या ट्रकचं वजन रबर पेलत नाही, आतले नायलॉनचे किंवा पोलादी तारांचे थरही पेलत नाहीत. ते पेलते आत कोंडलेली हवा. एवढ्या दाबाची हवा धरून ठेवायची आणि रस्त्याला घट्ट चिकटून राहायचं, हे टायरचं काम.

हिशेब करून बघा. मागच्या जोडीतल्या एका टायरवर 2,700 किलो ओझं आहे आणि आत 110 पाउंड हवा आहे असं धरू. 110 पाउंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण पावणेआठ किलोचा दाब. 2,700 ला पावणेआठनं भागलं तर साडेतीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे एक वीत लांब आणि जेमतेम एक वीत रुंद एवढाच तुकडा रस्त्यावर टेकलेला असतो. आता तीच हवा 80 पाउंडांवर उतरली. ओझं तर तेवढंच आहे, मग ते पेलायला 480 चौरस सेंटिमीटर जागा लागते. ही जादा जागा मिळवायला टायर खाली बसतो आणि बाजूची भिंत बाहेर फुगते. हिशेब ढोबळ आहे, थोडंफार ओझं भिंतीही घेतात, पण गोष्ट नेमकी हीच घडते.

खरा घात पुढे आहे. 10.00-20 मापाचा, ज्याला सगळे हजार-वीस म्हणतात तो टायर, एका किलोमीटरला साधारण तीनशे फेरे मारतो. ताशी 60 च्या वेगाला सेकंदाला पाच. प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत एकदा दबते आणि एकदा सरळ होते. लोखंडी तार हातानं पुन्हा पुन्हा वाकवली की वाकवलेल्या जागी चटका बसण्याइतकी तापते आणि मग तुटते, तसंच इथं होतं. हवा जितकी कमी तितकं वाकणं जास्त, आणि वाकणं जितकं जास्त तितकी उष्णता जास्त. रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ती साठते टायरच्या खांद्यात, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथं, जिथं रबर सगळ्यात जाड असतं. जत, कवठेमहांकाळच्या बाजूला एप्रिल-मेच्या दुपारी डांबरच साठ अंशांच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे टायरला निवायलाही वाव मिळत नाही. आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस भरधाव गाडीच्या टायरची साल निघते. महामार्गाच्या कडेला रबराच्या काळ्या पट्ट्या पडलेल्या दिसतात त्या याच. लोक दोष रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरला देतात, पण नव्या टायरचीही साल निघते, आणि पुष्कळदा कारण कमी हवा हेच असतं.

हवा जास्त झाली तर नक्षी मधोमध झिजते, आणि टायर ताठ असल्यानं खड्ड्यात किंवा दगडावर आदळला की पटकन फाटतो. तोही तोटाच आहे. पण आपल्याकडे जास्त हवेनं मेलेला टायर एक दिसला, तर कमी हवेनं मेलेले ढीगभर दिसतात.

पान्ह्याचा ठोका पुरत नाही

गाडी सुटायच्या आधी क्लीनर हातात पान्हा नाहीतर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन गाडीभोवती फिरतो आणि प्रत्येक टायरवर ठोका मारून आवाज ऐकतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही पद्धत आहे. तिनं एवढंच कळतं की कुठला टायर पूर्ण बसलाय. 75 पाउंडांचा टायर आणि 110 चा टायर यांच्या आवाजातला फरक अनुभवी कानालाही खात्रीनं सांगता येत नाही, आणि टायरचं आयुष्य याच फरकात जातं. ठोका मारायला माझी हरकत नाही. पण गाडीत स्वतःचा, चांगला, ट्रकला चालणारा हवेचा मीटर असलाच पाहिजे. एका टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरच्या दुकानातला मीटर किती वेळा आपटलाय हे आपल्याला माहीत नसतं.

हवा थंड टायरमध्ये बघायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. सकाळी निघायच्या आधीची वेळ सगळ्यात चांगली. दर दहा अंश तापमानाला ट्रकच्या टायरात साधारण चार पाउंडांचा फरक पडतो. गाडी शंभर किलोमीटर पळून आली की दाब दहा-पंधरा पाउंडांनी वाढलेला दिसतो, आणि तो तसा दिसायलाच हवा. इथं पुष्कळ चालक चुकतात. ढाब्यावर मीटर लावतात, 125 दिसलं की घाबरून हवा सोडतात. टायर निवल्यावर तोच टायर शंभरावर येतो, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास कमी हवेनं सुरू होतो. तापलेल्या टायरातली हवा कधीही सोडायची नाही.

सगळ्यात जास्त हाल जोडीतल्या आतल्या टायरचे होतात. त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या, म्हणजे लोखंडी चाकाच्या, भोकातून चाचपडत शोधावा लागतो, हात काळे होतात, म्हणून तो राहून जातो. आतला बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो, त्यामुळे कळतही नाही. त्या बाहेरच्यावर मात्र दोघांचं ओझं पडतं. आतला आज मेला की बाहेरचा महिन्या-दोन महिन्यांत जातो, आणि मालक म्हणतो की माल खराब लागला. उपाय स्वस्त आहे. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून तिचं तोंड बाहेर आणून बसवायचं. प्रत्येक व्हॉल्व्हला टोपी हवी, शक्यतो धातूची. टोपी नसली की आत माती जाते, सुई नीट बसत नाही आणि हवा हळूहळू निघत राहते. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पाउंड सोडतोच, त्यामुळे आठवड्यातून एकदा मीटर लावणं गरजेचं आहे.

हवा किती ठेवायची? एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू नाही. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा हा पूर्ण ओझ्यासाठीचा असतो. कंपनीकडे ओझ्याप्रमाणे हवेचा तक्ता असतो, तो विक्रेत्याकडून मागून घ्या आणि केबिनमध्ये चिकटवून ठेवा. पुढच्या आणि मागच्या टायरांचे आकडे वेगळे असू शकतात.

आधी काम, मग टायर

आता निवडीकडे येऊ. सांगली जिल्ह्यातल्याच दोन गाड्या घ्या. एक तासगावचा बेदाणा भरून उत्तरेला जाते. शेकडो किलोमीटर सलग, चांगल्या रस्त्यानं, एका वेगानं. दुसरी वाळवा-कराडच्या पट्ट्यात ऊस ओढते. पाणंदीनं शेतात शिरायचं, काळ्या चिखलातून किंवा बुडख्यांवरून बाहेर यायचं, वीस-तीस किलोमीटरवर कारखाना, तिथं गाडीतळावर भरलेली गाडी तासन्‌तास उभी, मग काटा, आणि परत शेत. दोन्ही गाड्यांचा मेक एक, टायरचं माप एक. पण टायर एकच घेतला तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

लांब पल्ल्याच्या गाडीचा शत्रू उष्णता. तिला थंड चालणारा रेडियल हवा. रेडियलमध्ये तारा काठापासून काठापर्यंत आडव्या जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. त्यामुळे बाजू लवचिक राहते, नक्षी रस्त्यावर सपाट टेकते, घासणं कमी होतं आणि डिझेलही वाचतं. मिशेलिननं 1946 साली याचं पेटंट घेतलं, पण आपल्या ट्रकांवर रेडियल रुळायला फार वेळ लागला, कारण त्याला रस्ता बरा लागतो आणि ओझं हिशेबात लागतं. नायलॉन टायरमध्ये थर एकमेकांवर तिरके जातात. तो जाड, चिवट, मार खाणारा, गावातल्या पंक्चरवाल्याकडेही दुरुस्त होणारा. शेतातल्या कमी वेगाच्या, कापाकापीच्या कामाला तो अजूनही चालतो. पण तोच टायर घेऊन मे महिन्यात बेळगाव-पुणे खेपा मारल्या तर तो तापूनच जातो.

माझं मत विचाराल तर महामार्गावर निम्म्याहून जास्त धावणाऱ्या गाडीला रेडियलशिवाय दुसरा विचार करू नये. उसाच्या गाडीला रेडियल घ्यायचा असेल तर खडतर रस्त्यासाठी बनवलेला, कापांना दाद न देणाऱ्या रबराचा घ्यावा. महामार्गाचा नाजूक रेडियल शेतात घातला की बाजूला चीर पडते, आणि रेडियलच्या बाजूची चीर नीट दुरुस्त करणारे कारागीर थोडे आहेत. एका ॲक्सलवर मात्र रेडियल आणि नायलॉन कधीही मिसळू नका. दोघांची बसण्याची आणि वळणाची रीत वेगळी आहे, गाडी ओढत राहते.

नक्षीचंही तसंच आहे. उभ्या सरळ रेघांचा, म्हणजे रिब टायर वळायला हलका आणि कमी तापणारा, म्हणून तो पुढे. आडव्या ठोकळ्यांचा लग टायर पकड जास्त देतो, म्हणून तो मागे ओढणाऱ्या ॲक्सलवर. लगमध्ये रबर जाड असतं, त्यामुळे तो लांब पल्ल्यात जास्त तापतो. बेदाण्याच्या गाडीला मागेही हलक्या लगचा किंवा मिश्र नक्षीचा टायर पुरतो. चिखलात मात्र खोल लगच लागतो.

बाजूवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर जे छापलेलं असतं ते विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा खरं असतं. बऱ्याच 16 प्लाय (प्लाय म्हणजे थरांच्या ताकदीचं माप) हजार-वीस रेडियलवर 146/143 के असं दिसेल. हे वजनाचे सांकेतिक क्रमांक आहेत. 146 म्हणजे एकटा बसवला तर 3,000 किलो. 143 म्हणजे जोडीत बसवला तर 2,725 किलो. शेवटचं अक्षर वेगाचं, के म्हणजे ताशी 110 पर्यंत.

आता हा आकडा कायद्याशेजारी ठेवून बघा. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलचं मान्य वजन वाढवलं. दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलला 6 टनांचे 7 टन झाले आणि चार टायरच्या मागच्या ॲक्सलला 10.2 चे साडेअकरा. आनंद सगळ्यांना झाला, पण टायर काही आपोआप बदलले नाहीत. 3,000 गुणिले दोन म्हणजे 6 टन. 2,725 गुणिले चार म्हणजे 10.9 टन. म्हणजे कायद्यानं मान्य असलेलं पूर्ण वजन भरलं तरी या टायरवर जादाच ओझं पडतं. कमी वेगाला थोडी जास्त क्षमता धरायची मुभा कंपन्यांच्या तक्त्यात असते, पण भरलेल्या गाडीनं महामार्गावर ती सवलत आपल्याला मिळतेच असं समजू नका. गाडी नव्या वजनानं नोंदलेली असेल तर टायरही तसाच हवा. ट्यूबलेस 295/80 आर 22.5 मापात 152/148 क्रमांकाचे टायर मिळतात. ते पुढे 7.1 आणि मागे 12.6 टन पेलतात. टायर घेताना गाडीचं आरसी सोबत न्या आणि हा गुणाकार दुकानातच करा.

आणखी एक आकडा बघायचाच. बाजूवर एका लंबगोलात चार अंक असतात. 3523 असेल तर तो टायर 2023 सालच्या 35 व्या आठवड्यात बनला. सूट देऊन विकला जाणारा टायर पुष्कळदा दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असतो. रबर वापर नसतानाही म्हातारं होतं. उन्हात लटकलेली स्टेपनी तर नक्षी कोरी असूनही बाजूला तडकलेली सापडते. आयएसआयचा शिक्काही बघून घ्या.

किमतीचा विचार टायरावर करू नका, किलोमीटरवर करा. समजा एक टायर 16,000 रुपयांना मिळाला आणि 50,000 किलोमीटर चालला, तर किलोमीटरला 32 पैसे पडले. दुसरा 20,000 ला मिळाला आणि 80,000 चालला, तर 25 पैसे. महाग टायर स्वस्त पडला. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे आकडे तुमच्याच वहीत मिळतील. टायर चढवला त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग, कुठल्या जागी बसवला, कधी काढला, एवढं लिहिलं तरी वर्षभरात कुठला टायर आपल्या गाडीला मानवतो ते कळतं. दुसऱ्या मालकाच्या अनुभवावर जाऊ नका, त्याचं काम वेगळं असतं.

जोडी जमवताना

मागच्या चाकावर दोन टायर एकाच हबला आवळलेले असतात. एक फिरला तेवढाच दुसरा फिरतो. त्यांना वेगळं फिरण्याची सोय नाही. आता नवा 16 मिलिमीटर नक्षीचा टायर आणि अर्धा झिजलेला, 8 मिलिमीटर उरलेला टायर शेजारी बसवला. नक्षीत फरक 8, म्हणजे व्यासात 16, म्हणजे घेरात सुमारे 50 मिलिमीटर. एका फेऱ्याला 5 सेंटिमीटरचा फरक. किलोमीटरला तीनशे फेरे, म्हणजे 15 मीटर. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटर धरलं तर एका खेपेत तीन किलोमीटरच्या वर घसटणं होतं. टायर फिरत नाही, रस्त्यावर खरवडला जातो. शिवाय मोठ्या टायरवर ओझं जास्त येतं, तो तापतो. धाकटा खरवडून जातो आणि थोरला तापून जातो.

म्हणून जोडीतल्या दोघांच्या व्यासात साधारण 6 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे नक्षीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. हवेत पाच पाउंडांपेक्षा जास्त फरक नको. एक टायर गेला की दुकानातून एकच नवा आणून मधेच बसवायचा, ही सवय महागात पडते. नवी जोडी एका बाजूला बसवा आणि तिथून निघालेला चांगला टायर जुन्या जोडीदारासोबत लावा. नक्षी मोजायची छोटी पट्टी मिळते, ती मीटरसोबत ठेवा.

पाणंदीतून बाहेर आल्यावर गाडी एकदा थांबवून जोडीच्या मधे वाकून बघा. मुठीएवढा दगड दोन टायरांच्या फटीत अडकलेला सापडतो. गाडी पळाली की तो दोन्ही भिंतींना आतून घासत, कापत राहतो, आणि कधी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर उडतो. टॉमीनं काढायला मिनिटही लागत नाही.

झीज काय सांगते

तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं बोटांना धार लागत असेल तर पुढच्या चाकांची अलाइनमेंट बिघडलेली आहे. चाक सरळ रेषेपासून नुसतं अर्धा अंश तिरकं असलं तरी किलोमीटरला जवळजवळ 9 मीटर ते बाजूला घासलं जातं. दोन्ही खांदे झिजले आणि मधली नक्षी चांगली राहिली, तर हवा कमी. फक्त एकच बाजू खाल्ली असेल तर अलाइनमेंट, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ), वाकलेला ॲक्सल, तुटलेला किंवा बसलेला कमानीचा पाटा यांपैकी काहीतरी आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर बेअरिंग ढिलं आहे किंवा शॉकअब्सॉर्बर गेलाय. एकाच ठिकाणी सपाट चट्टा असेल तर ब्रेक जाम होऊन चाक घसटलं आहे.

टायर बदलण्याआधी हे दुरुस्त करायला हवं. "आबा, पुढचा डावा पुन्हा खाल्ला, तिसरा टायर झाला," असं म्हणत येणारे चालक मी पाहतो. तिन्ही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि तिन्ही एकाच बाजूनं खाल्लेले असतात. अशा वेळी चौथा टायर विकण्याऐवजी गाडी अलाइनमेंटला पाठवणं हेच दुकानदाराचं कर्तव्य आहे, असं मी मानतो.

लिफ्ट ॲक्सल, म्हणजे वर उचलून ठेवता येणारं ॲक्सल असलेल्या गाड्यांबद्दलही सांगायला हवं. टोल किंवा डिझेल वाचवायला भरलेल्या गाडीचं ॲक्सल वर उचलून ठेवलं की त्याचं ओझं शेजारच्या टायरांवर जातं, आणि वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त रबर जातं. मार्केट यार्डात भरलेली गाडी जागच्या जागी वळवली की मागची चाकं आडवी खरवडली जातात. जागा असेल तर मोठा फेरा घ्या.

घाटात टायरचा शत्रू ब्रेक. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरणाऱ्या गाडीचे ड्रम इतके तापतात की ती आच डिस्कमधून टायरच्या काठापर्यंत पोचते, ट्यूब आणि तिच्याखालची रबरी पट्टी, म्हणजे फ्लॅप, करपतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणं हा तर जिवाशी खेळ आहे. खालच्या गिअरात, एक्झॉस्ट ब्रेक लावून उतरा. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतू नका, ड्रमला तडे जातात. सावलीत थांबा, निवू द्या.

रिमोल्ड, कटिंग आणि कधी थांबायचं

कायद्यानं ट्रकच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की मर्यादा संपली. पण रिमोल्ड करायचा असेल तर तिथपर्यंत थांबूच नका. तीन-चार मिलिमीटर नक्षी शिल्लक असतानाच टायर काढा. खालची तार उघडी पडली, पाणी आत शिरलं, गंज चढला की केसिंग, म्हणजे नक्षीखालचा टायरचा सांगाडा, संपलं, आणि किंमत केसिंगचीच असते. चांगल्या हवेवर चाललेल्या रेडियलच्या केसिंगवर एकापेक्षा जास्त वेळा रबर चढवता येतं. खर्च नव्याच्या निम्म्याहून बराच कमी येतो. कोल्ड पद्धतीत आधीच पिकवलेली नक्षीची पट्टी साधारण शंभर अंशांच्या उष्णतेवर चिकटवतात. हॉट पद्धतीत कच्चं रबर साच्यात घालून दीडशेच्या आसपास पिकवतात. कोल्डमध्ये केसिंगला ताप कमी बसतो, म्हणून रेडियलला मी तीच सांगतो. रिमोल्ड टायर पुढे कधीही लावू नका, मागेच लावा.

सेकंडहँड बाजारात मात्र एका गोष्टीपासून सांभाळा. गुळगुळीत टायरला गरम पात्यानं नव्या खाचा पाडून तो विकायला ठेवतात. बाजूवर रीग्रूव्हेबल असं छापलेल्या टायरलाच हे करता येतं, कारण त्यात खाली मुद्दाम जाड रबर ठेवलेलं असतं. बाकीच्यांत पातं थेट थरांपर्यंत जातं. असा टायर घेऊन उसाचा हंगाम काढू म्हणणाऱ्यानं निदान पुढच्या चाकाला तरी तो लावू नये.

ट्यूबवाल्या टायरच्या डिस्कला बाजूला लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते, आणि पंक्चरच्या दुकानांत यानं माणसं मेली आहेत. हवा पिंजऱ्यात ठेवून भरायची, पिंजरा नसेल तर किमान गाडीच्या चाकाखाली रिंगची बाजू जमिनीकडे करून, लांब नळीनं, समोर उभं न राहता. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

रेडियलबद्दलचा धोका कमी लोकांना माहीत आहे. बसलेल्या अवस्थेत पळालेल्या रेडियलच्या बाजूच्या पोलादी तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात. बाहेरून तो धडधाकट दिसतो. त्यात पुन्हा हवा भरली की चेन उघडावी तशी बाजू एका ओळीत फाटते आणि समोरच्याला उडवते. नेमलेल्या हवेच्या ऐंशी टक्क्यांखाली पळालेला टायर खोलून, आतून पाहून, मगच पुन्हा भरायचा.

असा टायर खोलला की आत काळी-करडी भुकटी दिसते, आणि बाजूच्या भिंतीवर आतून गोल भाजल्यासारखा पट्टा. कंपनीचा माणूस क्लेमसाठी टायर बघायला आला की पहिल्यांदा हेच बघतो, आणि हे दिसलं की क्लेम नाकारतो. वॉरंटी कारखान्यातल्या दोषापुरती असते, आणि मंजूर झाली तरी उरलेल्या नक्षीच्या हिशेबानंच पैसे मिळतात. म्हणून टायर घेताना बिलावर त्याचा नंबर लिहून घ्या, चढवण्याआधी त्या नंबराचा आणि चार आकडी तारखेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि फुगवटा दिसला तर कापाकापी न करता टायर तसाच दुकानात घेऊन या.